इंग्रजी जोडशब्दाचं मूळ कसं शोधायचं: आधी तारीख, मग गोष्ट

'हनीमून' या शब्दाची एक गोष्ट तुमच्याही वाचनात आली असेल. प्राचीन बॅबिलोनमध्ये म्हणे मुलीचा बाप जावयाला लग्नानंतर महिनाभर मधाची दारू पाजायचा. म्हणून मध, आणि महिना मोजायला चंद्र. लग्नसराई आली की ही गोष्ट फॉरवर्ड होत फिरते. इंग्रजीत हा शब्द सापडतो तो १५४६ साली, जॉन हेवुड यांच्या म्हणींच्या पुस्तकात. पुढे १५५२ मध्ये रिचर्ड ह्युलोएट यांनी आपल्या इंग्रजी-लॅटिन कोशात त्याचा अर्थच देऊन टाकला: नवीन लग्न झालेले दोघं सुरुवातीला एकमेकांवर जीव ओवाळून टाकतात, पुढे हे प्रेम ओसरणार अशी चिन्हं दिसतात, त्या आधीच्या दिवसांना लोक हनीमून म्हणतात. बॅबिलोनचा पत्ता नाही, सासरा नाही, दारू तर नाहीच. चंद्र आहे तो पौर्णिमेनंतर कलेकलेने उतरणारा, असं हे वर्णन वाचून वाटतं. ह्युलोएट साहेबांचा लग्नाचा अनुभव काय होता कोण जाणे.

शब्दांची मुळं शोधायची हौस असेल, तर एकच शिस्त अंगी बाणवा: आधी तारीख शोधायची, गोष्ट मग ऐकायची. खाली दिलेली पद्धत अगदी नवख्या माणसासाठी आहे. लॅटिन-जर्मन यायला हवं असं नाही. इंटरनेट, एक वही आणि थोडा संशयी स्वभाव पुरतो.

पायरी १: हा खरंच जोडशब्द आहे का?

प्रश्न विचित्र वाटेल, पण सुरुवात इथूनच करायची. इंग्रजीत दोन तुकडे दिसतात म्हणजे शब्द दोन तुकड्यांनी बनला असेलच असं नाही, आणि तुकडे दिसत नाहीत म्हणजे ते नव्हतेच असंही नाही.

काही जोडशब्द इतके झिजलेले असतात, की त्यांचा सांधा दिसत नाही. कुंभकाराचा कुंभार आणि सुवर्णकाराचा सोनार झाला, तसंच हे. 'लॉर्ड' हा जुन्या इंग्रजीत 'ह्लाफवेअर्ड' होता, म्हणजे भाकरीचा राखणदार. 'डेझी' हे फूल म्हणजे दिवसाचा डोळा, कारण ते सकाळी उमलतं. 'विंडो' आला उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून, तिथे तो 'वाऱ्याचा डोळा' होता. 'कबर्ड' म्हणजे कप ठेवायचा बोर्ड, म्हणजे मुळात नुसतं टेबल. त्याला दारं नंतर लागली.

दुसरीकडे काही शब्द जोडशब्दाचं सोंग घेतात. 'कॉकरोच'मध्ये ना कोंबडा आहे ना रोच नावाचा मासा. स्पॅनिश 'कुकाराचा' इंग्रज कानांनी ऐकला आणि ओळखीच्या तुकड्यांत बसवून टाकला. कॅप्टन जॉन स्मिथ यांनी १६२४ साली व्हर्जिनियाच्या इतिहासात तो 'काकारूच' असा लिहिला होता, आणि स्पॅनिश लोक याला असं म्हणतात हेही तिथेच सांगितलं होतं. 'पेंटहाउस'चंही तसंच. आज मुंबईत त्याचा भाव ऐकून माणूस गप्प बसतो, पण मूळ शब्द 'पेंटिस', जुन्या फ्रेंच 'अपेंटिस'वरून आलेला, आणि अर्थ भिंतीला टेकवून काढलेली उतरत्या छपराची पडवी! घराशी त्याचा उगमाच्या वेळी संबंध नव्हता. 'टिस'चं 'हाउस' लोकांनी केलं. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात, आणि ती ओळखता येणं ही या छंदातली निम्मी कमाई आहे.

पायरी २: सगळ्यात जुनी लेखी नोंद काढा

सुरुवातीला एटिमऑनलाइन उघडा. डग्लस हार्पर यांचं हे शब्दांच्या मुळांचं संकेतस्थळ फुकट आहे आणि दोन मिनिटांत चित्र समजतं. पण तिथे थांबू नका, कारण तिथे बहुतेक वेळा निष्कर्ष मिळतो, मूळ वाक्यं मिळत नाहीत.

वाक्यांसाठी जायचं ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाकडे. त्यात प्रत्येक अर्थाखाली जुन्यापासून नव्यापर्यंत तारीखवार अवतरणं असतात. ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी लागते. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे सभासद असाल तर तिथे चौकशी करा. नाहीतर १८८४ ते १९२८ या काळात निघालेली त्याची पहिली आवृत्ती आता हक्कमुक्त आहे आणि इंटरनेट आर्काइव्हवर तिचे खंड वाचायला मिळतात. शंभर वर्षं जुनी असली तरी नवशिक्याला ती पुरून उरते.

शब्द १५०० च्या आधीचा निघाला तर मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश बघा, तोही फुकट. ११०० च्या मागे जायचं असेल तर बॉसवर्थ आणि टॉलर यांचा अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रजीचा कोश. स्कॉटलंडचा वास आला तर स्कॉट्स भाषेचा कोश वेगळा आहे. अमेरिकन शब्द असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा जुन्या वर्तमानपत्रांचा साठा. त्यात तास कसे जातात कळत नाही.

तारखा वाचायची एक रीत असते. वर्षाआधी छोटा 'सी' असेल तर 'त्या सुमारास', छोटा 'ए' असेल तर 'त्याच्या आधी कधीतरी'. मध्ययुगीन कोशात कधी दोन तारखा दिसतात: एक हस्तलिखिताची, दुसरी ग्रंथ मुळात रचला गेला त्याची. दोन्ही वहीत उतरवा. ग्रंथ जुना पण हाती असलेली नक्कल शंभर वर्षांनंतरची, असं सर्रास असतं, आणि नक्कल करणारा आपल्या काळचा शब्द खुशाल घुसवतो.

शोधताना तोच जोडशब्द तीन प्रकारे टाका: दोन वेगळे शब्द, मध्ये छोटी रेघ, आणि जोडून एक. इंग्रजी जोडशब्द पुष्कळदा याच क्रमाने एकत्र येतात, त्यामुळे फक्त आजचं स्पेलिंग शोधलंत तर शब्दाचं बालपण हुकतं.

गूगल बुक्सबद्दल दोन इशारे. तिथे मासिकाच्या पुढच्या अंकांवरही कधी कधी पहिल्या अंकाचं साल चिकटलेलं असतं. म्हणून मुखपृष्ठाचं चित्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय साल लिहून घेऊ नका. आणि साधारण १८०० च्या आधीच्या छपाईत जो लांब 'एस' असायचा तो यंत्राला 'एफ' वाटतो. शब्दात 'एस' असेल तर त्या जागी 'एफ' टाकूनही एकदा शोधा. शब्दांच्या वापराचे जे चढउताराचे आलेख मिळतात ते बघायला छान असतात, पण त्यांना पुरावा म्हणू नका. पुरावा म्हणजे तारीख असलेलं वाक्य.

पायरी ३: जुनी रूपं एकाखाली एक मांडा

सगळ्यात मजा या पायरीला आहे, म्हणून एक शब्द पुरता उलगडून दाखवतो: 'बॉनफायर'. आपल्याकडे कॉलेजच्या कॅम्पमुळे ओळखीचा झालेला.

१७५५ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात सॅम्युअल जॉन्सन यांनी सांगितलं, की फ्रेंच 'बॉन' म्हणजे चांगला, त्याला 'फायर' जोडला. आनंदाच्या प्रसंगी पेटवतात तो चांगला जाळ. पटण्यासारखं आहे. आता जुन्या नोंदी बघू. १४८३ च्या 'कॅथोलिकॉन अँग्लिकम' या इंग्रजी-लॅटिन शब्दसंग्रहात 'बेनफायर' असा शब्द आहे, आणि शेजारी लॅटिन अर्थ 'इग्निस ओसियम'. म्हणजे हाडांचा जाळ.

हाडं कशाला जाळतील? त्याचं उत्तर जॉन मर्क देतात. श्रॉपशायरमधल्या लिलशॉल मठातले हे धर्मोपदेशक. चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराला त्यांनी सणावारांची प्रवचनं लिहिली. सेंट जॉनच्या सणाला, म्हणजे जूनच्या २३ तारखेच्या रात्री, लोक तीन तऱ्हेचे जाळ करतात असं ते सांगतात. एक नुसत्या हाडांचा, त्यात लाकूड नाही. त्याला म्हणतात 'बोनफायर'. दुसरा नुसत्या लाकडांचा, त्याच्याभोवती बसून लोक जागरण करतात. तिसऱ्यात दोन्ही, आणि तो सेंट जॉनचा जाळ. आपल्या होळीला शेणी-गोवऱ्या कोणत्या आणि लाकूड कोणतं याचे संकेत असतात, तसे तिथे हाडांचे होते.

इतकं मिळाल्यावरही एक शंका उरते. हे सगळं तेव्हाच्या लोकांनी जुळवलेलं असेल तर? मूळ शब्द खरोखर फ्रेंच 'बॉन' असेल आणि हाडांचा अर्थ मागाहून चिकटला असेल तर? इथे उच्चार कामाला येतो. जुन्या इंग्रजीतला एक दीर्घ 'आ' होता. दक्षिण इंग्लंडमध्ये त्याचा 'ओ' झाला: होम, स्टोन, बोन. स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर इंग्लंडमध्ये मात्र तो वेगळ्या वाटेने गेला: हेम, स्टेन, बेन. बॉनफायरचा पहिला तुकडा फ्रेंच 'बॉन' असता तर उत्तरेत त्याचा 'बेन' होण्याचं कारणच नव्हतं. पण स्कॉट्स भाषेत आणि वरच्या शब्दसंग्रहात 'बेनफायर' आहे. म्हणजे तो तुकडा हाडाचाच. जॉन्सन यांचा अंदाज इथे निकालात निघतो.

मग आज आपण 'बोनफायर' न म्हणता 'बॉनफायर' का म्हणतो? इंग्रजी जोडशब्दाच्या पहिल्या भागातला दीर्घ स्वर पुष्कळदा आखडतो, विशेषतः पुढे दोन व्यंजनं सलग आली की. 'ख्राइस्ट' पण 'ख्रिसमस', 'वाइज' पण 'विज्डम', 'शीप' पण 'शेपर्ड'. ही एवढी युक्ती लक्षात ठेवलीत तर बरेच झिजलेले सांधे आपोआप दिसायला लागतील.

या शब्दाचा एक तपशील मला फार आवडतो. ऑक्सफर्ड कोशाचे पहिले मोठे संपादक जेम्स मरे यांनी बॉनफायरच्या नोंदीत लिहून ठेवलंय, की स्कॉटलंडमधल्या हॉइक गावी मध्य-उन्हाळ्याच्या जाळासाठी जुनी हाडं गोळा करून साठवायची पद्धत साधारण १८०० सालापर्यंत होती. मरे मूळचे त्याच गावाजवळच्या डेनम खेड्यातले, आणि हॉइकच्याच शाळेत मास्तर होते. कोशकार घरचं ज्ञान असं गुपचूप नोंदीत ठेवून जातात; म्हणून नोंदीखालची बारीक अक्षरातली टीप कधी सोडू नये.

पायरी ४: प्रत्येक तुकड्याचा त्या काळचा अर्थ बघा

तुकडे बरोबर पाडले तरी फसायला होतं, कारण आपण त्यांचा आजचा अर्थ धरतो.

'ब्लॅकमेल'मधल्या मेलचा टपालाशी काडीचा संबंध नाही. स्कॉट्समध्ये 'मेल' म्हणजे खंड, वसुली. सोळाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर टोळ्यांचे नायक शेतकऱ्यांकडून ही वसुली करायचे आणि बदल्यात त्यांची गुरं न लुटण्याचं वचन द्यायचे. चौथाई ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला आणखी समजावून सांगायला नको. गुपित फोडण्याची धमकी देऊन पैसे उकळणं हा अर्थ एकोणिसाव्या शतकातला.

'नाइटमेअर'मध्ये घोडी नाही. जुन्या इंग्रजीत 'मेरे' म्हणजे झोपलेल्याच्या छातीवर बसून गुदमरवणारं भूत. हेच भूत 'कोशमार' या दुःस्वप्नासाठीच्या फ्रेंच शब्दाच्या शेपटातही आहे. चित्रकार हेन्री फ्युसेली यांनी १७८१ च्या आपल्या चित्रात छातीवर बसलेलं भूत तर दाखवलंच, वर पडद्याआडून डोकावणारा घोडाही दाखवला, आणि गैरसमजाला चांगली चौकट मिळाली.

'मिडवाइफ' म्हणजे अर्धी बायको नव्हे. 'मिड' म्हणजे सोबत, 'वाइफ' म्हणजे कोणतीही बाई. बाळंत होणाऱ्या बाईच्या सोबत असणारी ती. आणि 'मीट' म्हणजे एके काळी कुठलंही खाणं. म्हणून तर मुंबईतल्या शुद्ध शाकाहारी मिठाईवाल्याच्या जुन्या पाटीवर 'स्वीटमीट मार्ट' असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं.

पायरी ५: अर्थ कसा सरकला ते जोडून बघा

कधी तुकडे स्वच्छ असतात, पण त्यांची बेरीज आजच्या अर्थाशी जुळत नाही. 'डेडलाइन' घ्या. मेलेली रेघ आणि काम पूर्ण करायची मुदत, यांचा मेळ कसा घालायचा?

१८६४ साली, अमेरिकेच्या यादवी युद्धात, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे दक्षिणेकडच्या सैन्याने युद्धकैद्यांची छावणी उघडली. छावणीला ओंडक्यांचा उंच कोट होता. कोटाच्या आत सुमारे २० फुटांवर लाकडी दांड्यांचं एक ठेंगणं कुंपण होतं. ते ओलांडणाऱ्या कैद्यावर पहाऱ्यावरचा शिपाई गोळी झाडायचा. तीच 'डेडलाइन'. या छावणीत जवळपास १३,००० कैदी मेले, बहुतेक भुकेने आणि रोगाने. तिचा प्रमुख कॅप्टन हेन्री विर्झ याच्यावर युद्धानंतर खटला चालला आणि १० नोव्हेंबर १८६५ रोजी त्याला फाशी झाली. खटल्याच्या बातम्यांमुळे हा शब्द देशभर छापून गेला.

पुढचा मुक्काम छापखान्यात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात छपाईयंत्राच्या पाट्यावरच्या एका रेघेला डेडलाइन म्हटलेलं दिसतं; अक्षरांचे खिळे त्या रेघेबाहेर गेले तर नीट उठत नसत. आणि १९२० च्या सुमाराला अमेरिकन वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांमध्ये बातमी देण्याची शेवटची वेळ म्हणजे डेडलाइन.

आता इथे मोह आवरा. तीन ठिपके मिळाले, पण तुरुंगातून छापखान्यात आणि छापखान्यातून घड्याळात शब्द नक्की कसा गेला, हे सांगणारं वाक्य हातात नाही. वर्तमानपत्रातल्या लोकांना दोन्ही डेडलाइन ठाऊक असणार हे उघड आहे, म्हणून 'बहुधा' म्हणायला हरकत नाही. पण वहीत सरळ बाण काढू नका. तुटक रेघ काढा आणि वर 'बहुधा' लिहा. चांगल्या कोशात हा 'बहुधा' जागोजागी भेटतो.

पायरी ६: शब्द आपल्याकडून गेलेला असेल तर

मराठी माणसाला इथे घरचा फायदा आहे. 'जिमखाना' हा शब्द इंग्रजी कोशात आहे, आणि त्याचा मागोवा घ्यायचा तर हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा १८८६ चा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश उघडायचा. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो, शेजारीच मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोशही आहे.

यूल आणि बर्नेल सांगतात, की शब्द अगदी नवा आहे. त्यांना सापडलेला पहिला वापर १८६१ चा, रुडकीतला. पण शब्द घडवला गेला मुंबई इलाख्यात, असा त्यांचा समज आहे. त्यांच्या मते आधार बहुधा 'गेंदखाना', म्हणजे साहेबांच्या रॅकेट कोर्टाला हिंदुस्थानीत दिलेलं नाव. 'गेंद'च्या जागी 'जिम्नॅस्टिक्स'चा 'जिम' येऊन बसला. 'खाना' आपल्याला शिकवायला नको: दवाखाना, कारखाना, फरासखाना, त्याच पंगतीतला. बॉम्बे जिमखाना १८७५ चा, पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा. म्हणजे रुडकीची नोंद दोघांच्याही आधीची.

अशा शब्दांत परदेशी अभ्यासकाला अर्धाच सांधा दिसतो. दोन्ही भाषा कानावर असतील तर तपासायला तुम्हीच योग्य आहात. फक्त अभिमानाच्या भरात प्रत्येक इंग्रजी शब्द संस्कृतातून नेऊन बसवू नका. नुसत्या सारख्या आवाजाला पुरावा म्हणत नाहीत.

पायरी ७: आता गोष्ट ऐका

तारखा, रूपं, तुकडे आणि अर्थ वहीत आले की मग फिरणाऱ्या गोष्टीकडे वळा आणि तिला उलटतपासणीला उभी करा. ही गोष्ट पहिल्यांदा कोणी, कधी छापली? शब्दाच्या जन्मकाळच्या लोकांना ती ठाऊक होती का? त्या प्रदेशातल्या दुसऱ्या भाषेत तसा शब्द आहे का? शब्द १५४६ चा आणि गोष्ट त्यानंतर शेकडो वर्षांनी पहिल्यांदा दिसत असेल, तर गोष्ट शब्दावरून रचलेली आहे असं समजायला हरकत नाही. गोष्टीत राजा, दारू किंवा आद्याक्षरं जोडून शब्द बनल्याचा दावा, यांपैकी काहीही आलं की कान टवकारा.

वहीत प्रत्येक शब्दाला एक पान द्या. वर आजचं रूप, खाली तारीख, वाक्य जसंच्या तसं, पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक. स्वतःचं मत वेगळ्या शाईने. सहा महिन्यांनी पान उघडलं तर कोशाचं काय आणि आपलं काय हे कळायला हवं.

सरावाला सोपे शब्द घ्या. 'कॉबवेब'मधला 'कॉब' शोधा. तिथे एक जुना कोळी बसलेला मिळेल. 'ग्रेहाउंड'चा राखाडी रंगाशी संबंध आहे का, ते जुन्या इंग्रजी रूपावरून ठरवा. 'वर्मवुड'मध्ये किडा नाही आणि लाकूडही नाही. त्याचा जर्मन भाऊ शोधलात तर व्हरमुथच्या बाटलीपर्यंत पोचाल. 'ब्राइडग्रूम'मधला ग्रूम घोड्यांचा मोतद्दार वाटतो, पण सोळाव्या शतकाच्या मागे जाऊन त्या जागी कोणता शब्द होता ते बघा.

'कॉकटेल' मात्र एवढ्यात घेऊ नका. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या वर्तमानपत्रात त्याची व्याख्या छापून आली आहे: दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. पण त्यात कोंबड्याचं शेपूट कुठून आलं याची उत्तरं डझनाने मिळतात, आणि एकाही उत्तराला तारीख असलेलं वाक्य मिळत नाही.